जावईबापू, तुम्ही बाहेरच थांबा

वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या फायनलच्या, तिकिटांचा आकडा ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात आपण दोघं सांगलीला जाऊन आलो असतो. मी म्हटलं, अगं सांगलीच इकडे आलीये ना, अप्पांनाच घेऊन जातो! युक्तिवाद काही चालला नाही, पण सासरेबुवा निळी टोपी घालून दारात उभे होते म्हणून विषय मिटला.

27 ऑक्टोबर 2025, सोमवार, डॉजर स्टेडियम. आमचे लॉस एंजेलिसचे डॉजर्स विरुद्ध टोरंटो, सिरीज 1-1. पाचची मॅच म्हणजे ऑफिसात दुपारीच पोटात दुखायला लागलं पाहिजे, ते लागलं. 56 हजारांचं स्टेडियम, आमच्या सीटा पार वरच्या मजल्यावर, तिथून बॉल दिसत नाही, लोक उठले की आपणही उठायचं.

तिसऱ्या इनिंगला मी हॉटडॉगच्या लायनीत असताना प्रचंड आरडाओरडा झाला. परत आलो तर अप्पा म्हणाले, "ओहतानीने सिक्सर मारला, तुम्ही कुठे होतात?" (ओहतानी म्हणजे डॉजर्सचा स्टार. होमरनला ते शेवटपर्यंत सिक्सरच म्हणत होते, मी नाद सोडला.) चौथ्या इनिंगला मी नीट मांडी ठोकून बसलो आणि टोरंटोच्या कर्कने तीन रनांचा होमर ठोकला. पाचव्यात बाथरूमला गेलो, डॉजर्सनी 4-4 केले. सातव्यात टोरंटो पुन्हा पुढे, तेवढ्यात बायकोचा फोन आला म्हणून बाहेर पडलो आणि ओहतानीने दुसरा हाणला. 5-5.

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मला कळते, कारण 83च्या फायनलला याच माणसाने स्वतःच्या सख्ख्या भावाला विंडीजची शेवटची विकेट पडेपर्यंत बाथरूमच्या दारात उभं केलं होतं. म्हणाले, "जावईबापू, पाय मोकळे करून या जरा." पाय मोकळेच होते हो माझे, खिसाही मोकळा झाला होता!

मॅच नऊ इनिंगची, त्या झाल्या तरी 5-5. "मग ड्रॉ करा की," अप्पा म्हणाले. इथे ड्रॉ नसतो. सीझनमध्ये एक्स्ट्रा इनिंगला सेकंड बेसवर आयता एक रनर देतात म्हणजे लवकर उरकतं, पण प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, तीही सोय नाही, खेळत बसा. त्यात ओहतानी आला की टोरंटोवाले बॉलच टाकेनात, नुसता हात करून फुकटात पहिल्या बेसवर पाठवायचे, तेही चार वेळा, त्यावर अप्पांचा संताप, "अहो तो खेळायला आलाय, त्याला खेळू तरी द्या!" बाराव्यात टोरंटोचे बेस लोडेड, म्हणजे तिन्ही बेसवर रनर, दोन आउट, आणि बॉलिंगला डॉजर्सचा म्हातारा कर्शॉ, जो या सिरीजनंतर रिटायर होणार होता. आता मात्र बघायचंच म्हणून मी सीटचा दांडा धरून बसलो तर अप्पा नुसते खाकरले. गेलो बाहेर. तो आउट मी ऐकला.

चौदाव्या इनिंगला लोकांनी सातव्यातलं उभं राहून गाणं म्हणायचं ते परत म्हटलं, शेजारच्या बाई गाता गाताच झोपल्या. नंतर डॉजर्सच्या विल क्लाइन नावाच्या, मलाही धड माहीत नसलेल्या पोराने चार इनिंग एकही रन दिला नाही आणि मी त्या सगळ्या बंद नाचोजच्या काउंटरला टेकून काढल्या. अप्पा मधूनमधून मेसेज करत होते: "चांगलं चाललंय. येऊ नका."

अठराव्या इनिंगला कॉरिडॉरमध्ये मी आणि शेंगांची टरफलं झाडणारा एक माणूस, दोघंच. आधी पायाखालची फरशी हादरली, मग भिंतीवरच्या टीव्हीवर, जो चांगला काही सेकंद मागे होता, डॉजर्सचा फ्रीमन आरामात बॅट फिरवताना दिसला. म्हणजे होमर बसलाय हे मला माहीत, टीव्हीला नाही! झाडूवाल्याने झाडू टाकून मला असं आवळलं की चष्मा निघाला आणि बॉल सेंटरफिल्डच्या भिंतीपलीकडे गेला तो मी धूसर बघितला. 6-5. 6 तास 39 मिनिटं.

पार्किंगमधून बाहेर पडायला अजून एक मॅच झाली असती. अप्पा गाडीत घोरत होते, चेहऱ्यावर सामना जिंकून दिल्याचं समाधान.

दुसऱ्या दिवशी चौथी मॅच घरी टीव्हीवर, मला गॅरेजमध्ये खुर्ची. तिसऱ्या इनिंगला चहाचा कप घ्यायला आत डोकावलो, नेमका तेव्हाच टोरंटोच्या गरेरोने ओहतानीला दोन रनांचा होमर मारला. डॉजर्स 6-2 हरले. बायको तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, तिकिटाच्या पैशांवरून नव्हे, चहावरून.