चट्टा एक, डॉक्टर दोन

कमरेवर एक गोल चट्टा उठला. अगदी कंपासने काढल्यासारखा. कडेला लाल, मध्ये साफ. आणि खाज अशी, की चारचौघांत उभं असताना माणसाने पाठीमागे भिंत शोधावी.

मी शर्ट पुरता वर करेपर्यंत आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली होती. "नायटा आहे. मलम चार आठवडे लावा. खाज थांबली म्हणून बंद करायचं नाही."

"स्किनवाल्यांना दाखवू का?"

"एवढ्याशा नायट्यासाठी?"

सहाव्या दिवशी खाज थांबली. सातव्या दिवशी मी मलम बंद केलं. महिन्याभरात चट्टा परतला, तेव्हा बायकोने तिची कुठलीशी जुनी ट्यूब पुढे केली. जादूच! खाज गायब, लालीही गायब. चट्टा तेवढा गुपचूप पसरत राहिला, गोलाचा नकाशा झाला.

या वेळी डॉक्टर सुट्टीवर, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई. त्यांनी चट्टा (अर्थात मलाही) खिडकीपाशी नेला, टॉर्च मारला आणि "नायटा असेल, एक्झिमा असेल, सोरायसिसही..." म्हणत त्वचारोगतज्ज्ञांच्या नावे पत्र दिलं. एका दमात तीन आजार ऐकून मी निम्मा खचलो.

तज्ज्ञांनी विचारलं, "स्टिरॉइड कुणी लावलं?" मी ट्यूबचं नाव सांगितलं, बायकोचं नाही. त्यांनी कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे. नायटाच! स्टिरॉइडने लाली दाबली आणि बुरशीला रान मोकळं करून दिलं.

डॉक्टर परतल्यावर मी तक्रार नेलीच. "त्यांनी पाठवलं, तुम्ही नाही."

"मी पाहिला तेव्हा तो नायट्यासारखा दिसत होता. तिच्यापुढे तुम्ही त्याला मेकअप करून नेलात." मग जरा थांबून म्हणाले, "कॉलेजात त्वचारोग शिकलो ते मोजके दिवस. बाकी सगळं पेशंटांनी शिकवलं. नायटे ढिगाने पाहिलेत, त्यांचं काही वाटत नाही. तिळाची मात्र धास्ती वाटते, एखादा कॅन्सरचा निघतो. एकाला म्हणालो होतो, बघू तीन महिन्यांनी..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि नजर माझ्या मानेवर थांबली.

"हा तीळ कधीपासून?"

"लहानपणापासून."

"वाढलाय? रंग बदललाय?"

"मानेच्या मागे आहे हो, मला कसा दिसणार?"

त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली, मोजलं. "सहा मिलिमीटर," स्वतःशीच पुटपुटले आणि लेटरहेड पुढे ओढलं.