गेमस्टॉपचे टॅब्लेट आणि स्विचचा दाखला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आभार. 'छान लेख, लिहीत राहा' यापेक्षा अशी खरडपट्टी केव्हाही बरी. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. गेमस्टॉप या नवे-जुने व्हिडिओ गेम विकणाऱ्या अमेरिकी दुकानसाखळीने २०११ साली गेमिंग टॅब्लेट विकायला काढले, त्याची मी टर उडवली. हे लिखाण 'बैल गेला नि झोपा केला' छापाचं आहे. कल्पना अचूक होती, फक्त वेळ चुकली, आणि टॅब्लेटला बटणं जोडली की काय होतं ते निन्टेन्डोच्या स्विच या हातात धरून खेळायच्या यंत्राने २०१७ मध्ये दाखवून दिलं. शिवाय त्या टॅब्लेटमुळेच कंपनीला पुढे मोबाइलचा धंदा सापडला. शेवटी तुमचा सवाल : त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

स्विचचा मुद्दा सगळ्यात वजनदार, तेव्हा आधी तोच. तुमच्या बाजूने एक गोष्ट मीच जोडतो. २०११ च्या अखेरीस गेमस्टॉपच्या काही दुकानांत एसरचा आयकोनिया, आसुसचा ट्रान्सफॉर्मर आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब १०.१ आले, ते एन्व्हिडियाच्या टेग्रा २ चिपवर चालणारे. स्विचमध्ये टेग्रा एक्स१. म्हणजे चिपचं घराणंही एकच. पण स्विचच्या माथ्यावर एक छोटं झाकण आहे, ते उघडा. आत कार्ट्रिजची, म्हणजे ज्यात गेम भरलेला असतो त्या तुकड्याची खाच दिसेल. खेळ खेळून झाला की ते नखाएवढं कार्ट्रिज काढायचं, डबीत घालायचं आणि दुकानात जाऊन विकायचं. स्विच गेमस्टॉपला मानवला तो या खाचेमुळे. २०११ च्या टॅब्लेटमध्ये गेम यायचा तो अँड्रॉइड मार्केट या गूगलच्या ॲप-दुकानातून, आणि बसायचा तुमच्या गूगल खात्यात. तो काढून कुणाला देता येत नव्हता, विकणं तर दूरच. एकदा टॅब्लेट विकला की ते गिऱ्हाईक काउंटरवर पुन्हा यायला कारणच उरत नव्हतं.

आणि गेमस्टॉपचं पोट भरत होतं ते गिऱ्हाईक परत येण्यावर. २०१० च्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री साधारण ९४७ कोटी डॉलर. त्यात जुन्या, वापरलेल्या मालाचा वाटा पाव भागाच्या आसपास, पण ढोबळ नफ्यातला त्याचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर. समजा साठ डॉलरचा नवा गेम पोराने महिनाभरात संपवला आणि काउंटरवर आणला. दुकान त्याला पंचवीस डॉलर देणार, तेही शक्यतो रोख नाही, दुकानातच खर्च करायची क्रेडिट. तीच डिस्क पंचावन्नला पुन्हा शेल्फवर. ओरखडे असतील तर ती जाणार टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनच्या दुरुस्ती केंद्रात. तुम्ही तिथल्याच अर्व्हिंगला राहता असं लिहिलंय, म्हणजे विमानतळ ओलांडला की आलंच ते गाव. तिथून घासून-पुसून ती डिस्क परत दुकानात, आणि गेम बनवणाऱ्याला या दुसऱ्या विक्रीतून छदाम नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने २०१० मध्ये 'ऑनलाइन पास' काढला, जुनी डिस्क घेणाऱ्याकडून ऑनलाइन खेळायचे वेगळे दहा डॉलर घ्यायला, तो याच पोटदुखीतून. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या गेमिंग यंत्राच्या जुन्या गेमवर निर्बंध घालायचं ठरवलं आणि बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांत शेपूट घातलं, तेही यावरूनच.

आता याच्या शेजारी टॅब्लेट ठेवून बघा. नव्या यंत्रांच्या विक्रीत गेमस्टॉपला शेकडा सातच्या आसपास सुटायचे, जुन्या मालात शेकडा पंचेचाळीसच्या वर. टॅब्लेट हे नवं यंत्र, आणि तेही दुसऱ्याच्या कारखान्यातलं. ज्या मोसमात हे टॅब्लेट दुकानात लागले त्याच मोसमात ॲमेझॉनने किंडल फायर १९९ डॉलरला आणला. ॲमेझॉनला यंत्रावर कमावायचं नव्हतं, पुस्तकं-सिनेमे विकून भरून काढायचं होतं. सॅमसंगचा टॅब त्याच्या दुपटीहून महाग, आणि त्यामागे गेमस्टॉपचं स्वतःचं ॲपचं दुकान असं काहीच नाही. ॲपवरचा तीस टक्के हिस्सा ॲप स्टोअरवाल्यांचा. मग गेमस्टॉपने द्यायचं काय? आधीच भरून दिलेले काही गेम आणि 'रेड सामुराई' नावाचा चाळीस डॉलरचा ब्लूटूथ कंट्रोलर.

त्या कंट्रोलरचीही मी टर उडवली, त्या वाक्याचा तुम्हाला राग आलेला दिसतो. ते वाक्य मी मागे घेत नाही. वस्तू वाईट नव्हती. पण अँड्रॉइडने अशा कंट्रोलरला नीट आधार दिला तो त्याच वर्षी, ३.१ आवृत्तीत. म्हणजे मोजके गेम सोडले तर बाकीचे बोटाने काच घासण्यासाठीच लिहिलेले. एक-दोन डॉलरला विकल्या जाणाऱ्या गेममध्ये कंट्रोलरची सोय करून द्यायला निर्माते काय म्हणून बसतील? निन्टेन्डोने यंत्र, बटणं आणि खेळ तिन्ही एकाच घरात शिजवले. किरकोळ विक्रेत्याच्या हातात यातलं एकही नसतं. तेव्हा वेळ चुकली हे मला पटत नाही. २०१७ मध्ये आणला असता तरी गेमस्टॉपचा टॅब्लेट पडलाच असता.

एका बाबतीत मात्र तुमच्या बाजूला पारडं थोडं झुकतं, आणि गंमत म्हणजे ती बाब तुम्ही मांडलीच नाहीत. २०११ मध्येच कंपनीने स्पॉन लॅब्स विकत घेतली होती. मोठा गेम दूरच्या सर्व्हरवर चालवायचा आणि त्याचं नुसतं चित्र टॅब्लेटवर पाठवायचं, असा बेत. तो जमला असता तर टॅब्लेट ही फक्त खिडकी झाली असती आणि वर्गणी गेमस्टॉपच्या गल्ल्यात पडली असती. हा डाव खरोखर विचारपूर्वक होता. पण घरोघरचं इंटरनेट तेवढं धावत नव्हतं आणि २०१४ मध्ये स्पॉन लॅब्सचं दुकान आवरलं. इथे वेळ चुकली म्हणा, मी वाद घालणार नाही.

मोबाइलच्या धंद्याचं श्रेय टॅब्लेटला देणं मात्र दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, त्यातला प्रकार. जुने आयपॉड, आयफोन, आयपॅड विकत घ्यायला त्यांनी २०११ मध्ये सुरुवात केली, ती वेगळी गोष्ट. त्यात गेमिंग नव्हतंच. होती ती जुनीच विद्या : वापरलेली वस्तू पारखायची, क्रेडिट द्यायची, ग्रेपव्हाइनला पाठवायची, पुन्हा विकायची. पुढे २०१३ मध्ये स्प्रिंग मोबाइल ही कंपनी घेऊन एटीअँडटी या फोन कंपनीची दुकानं चालवली. एटीअँडटीने कमिशनचे नियम बदलले तसा नफा आटला, आणि २०१९ च्या सुरुवातीला ती सगळी सुमारे ७० कोटी डॉलरला विकून टाकली. पैसे वाईट नाही आले. पण गिऱ्हाइकाचा जुना टॅब्लेट घेणं आणि त्याला नवा विकणं हे दोन निरनिराळे धंदे आहेत, आणि तुम्ही ते एकाच वाक्यात बसवलेत.

राहिला तुमचा शेवटचा सवाल. मी असतो तर नवे टॅब्लेट शेल्फवर ठेवलेच नसते. ती जागा जुन्या फोन-टॅब्लेटना दिली असती. आणि तेव्हाच्या साडेसहा हजार दुकानांपैकी ज्यांचे भाडेकरार संपत आले होते त्यांतली बरीच मुकाट्याने बंद केली असती, कारण डिस्क संपणार हे कंपनीलाही दिसत होतं. नाहीतर टॅब्लेटच्या मागे लागले कशाला असते? असं केलं म्हणून शेअर बाजाराने तेव्हा मला डोक्यावर घेतलं नसतं, हेही खरं. गुंतवणूकदारांना 'डिजिटल' असं काहीतरी ऐकायचं होतं, आणि माझ्या अंदाजाने त्या टॅब्लेटचं खरं गिऱ्हाईक तेच होते.

तुमच्या घराजवळच्या दुकानात तो आयकोनिया कुणी विकत घेताना तुम्ही पाहिलं असेल तर जरूर लिहा. त्यावर वेगळं लिहायला मला आवडेल.