देणगी, मान आणि ४१ वर्षांची जागा

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया तावातावानं लिहिलेली आहे, पण मनापासून लिहिलेली आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटेना, म्हणून सवड काढून उत्तर लिहिते आहे.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या शेजारी एक म्हातारं जोडपं राहतं. आजोबा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आजी शाळेची बस चालवायच्या. ४१ वर्षं त्यांनी इथल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं सीझन तिकीट, म्हणजे अख्ख्या हंगामाचं तिकीट, घेतलं, एकाच बाकावरच्या त्याच दोन जागांचं. मग क्रीडा विभागाचं पत्र आलं: मैदानाच्या या भागात बसायचं तर तिकिटाच्या वर दर जागेमागे दरवर्षी अमुक इतकी देणगी द्या, जमत नसेल तर दुसरीकडे जागा बघा. त्या पत्राविषयी मी लिहिलं होतं. विद्यापीठाचं नाव तेव्हा घेतलं नव्हतं, आजही घेत नाही, कारण अशी पत्रं अमेरिकेतल्या कितीतरी गावांत गेलेली आहेत.

त्यावर तुमचं म्हणणं असं. ज्याचा पैसा त्याची जागा, यात गहिवरण्यासारखं काही नाही. देणगीदार नसते तर स्टेडियमही नसतं, आणि पोहण्यापासून कुस्तीपर्यंतच्या मुलामुलींच्या शिष्यवृत्त्याही नसत्या. जुने प्रेक्षक वर्षानुवर्षं बाजारभावापेक्षा स्वस्तात बसले आणि आता खरा भाव मोजायची वेळ आली तर निष्ठा सांगतात. आपल्या वानखेडेवर तरी काय वेगळं चालतं? आणि शेवटी, 'ताई, तुमचे स्वतःचे पॉइंट किती, ते लिहायला विसरलात.' (देणगीवर मिळणारे, जागेचा क्रम ठरवणारे हे पॉइंट; त्यांच्याबद्दल पुढे सांगते.)

आधी माझी चूक. या देणगीवर करसवलत मिळते असं मी लिहिलं होतं, ते आता खरं नाही. तुम्ही दाखवून दिलंत, लेखात दुरुस्ती केली आहे. १९८८ च्या कायद्यानं, तिकिटाच्या हक्कासाठी दिलेल्या देणगीतली ८० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता यायची. २०१७ च्या करकायद्यानं ती सोय काढून घेतली, १ जानेवारी २०१८ पासून. त्या डिसेंबरात कित्येक विद्यापीठांनी देणगीदारांना, पुढचे पैसेही ३१ तारखेच्या आत भरून टाका, म्हणून कळवलं होतं. पण ही दुरुस्ती तुमच्या बाजूनं जात नाही, दादा. जवळजवळ ३० वर्षं मैदानाच्या मधोमधच्या त्या जागांचा थोडा भार देशभरच्या करदात्यांनी उचलला, आणि त्यात कारखान्यात पाळी करणारे आमचे आजोबाही आले. 'ज्याचा पैसा' म्हणताना पैसा कुणाकुणाचा, याचा हिशेब तिथून मांडावा लागेल.

देणगीदारांमुळे स्टेडियम उभं राहतं, हे मला मान्यच आहे. मिशिगन विद्यापीठाचं उदाहरण बघा. तिथले क्रीडा संचालक फील्डिंग योस्ट यांनी तिथलं मैदान बांधायला ५०० डॉलरचे ३००० रोखे विकायला काढले. व्याज ३ टक्के, आणि रोखा घेणाऱ्याला १० वर्षं मधल्या पट्ट्यातली तिकिटं विकत घ्यायचा हक्क. १९२७ साली मैदान उघडलं. आज तिथं १,०७,६०१ माणसं बसतात. पैसे देणाऱ्याला चांगली जागा मिळाली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्या व्यवहारात रक्कम ठरलेली होती, मुदत ठरलेली होती आणि दोन्ही बाजूंनी शब्द दिलेला होता. आजच्या पॉइंटांच्या पद्धतीत तुम्ही विद्यापीठाला बांधील, विद्यापीठ तुम्हाला नाही. ठराविक डॉलरमागे एक पॉइंट, सलग तिकीट घेतलेल्या वर्षांचे थोडेफार पॉइंट, त्यांची उतरंड, आणि त्या उतरंडीवर तुमची जागा, पार्किंग, बाहेरगावच्या मॅचची तिकिटं सगळं ठरतं. कुणी मोठा चेक फाडला की त्याच्याखालचे सगळे एकेक पायरी खाली. ४१ वर्षांचे पॉइंट एका दुपारच्या चेकनं मागे पडू शकतात. माझा राग या तराजूवर आहे.

स्वस्तात बसल्याचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, तेव्हा त्यावर जरा सविस्तर.

नेब्रास्का विद्यापीठाच्या, लिंकन गावच्या मेमोरियल स्टेडियममधली प्रत्येक फुटबॉल मॅच ३ नोव्हेंबर १९६२ पासून हाउसफुल्ल आहे. ४०० च्या वर मॅच झाल्या. यात २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं धरा, जेव्हा संघ दरवर्षी जिंकला त्यापेक्षा जास्त हरला. बाजारभाव म्हणता ना? हरणाऱ्या संघाच्या नोव्हेंबरातल्या मॅचचा बाजारभाव मातीमोल असतो. ज्यांनी तेव्हाही पुरते पैसे मोजले त्यांनी बाजारभावापेक्षा जास्तच दिले. वाईट वर्षांतलं हे जास्तीचं देणं चांगल्या वर्षांतल्या स्वस्ताईत वळतं करायचं, हा न लिहिलेला करार होता. विद्यापीठांनी वाईट वर्षांतला फायदा घेतला आणि चांगली वर्षं आल्यावर करार नव्हताच म्हणून सांगितलं.

एक गोष्ट तुमच्या बाजूची, ती लपवणार नाही. २०२१ साली नेब्रास्काची ती साखळी तुटायला आली होती, तेव्हा उरलेली तिकिटं देणगीदारांच्या पैशानं घेतली गेली आणि ती गरीब घरच्या मुलांना दिली. पैसेवाल्या माणसानं स्वतः बसण्याऐवजी दुसऱ्याला बसवलं. अशा देणगीपुढे मी हात जोडते.

आता त्या दुपारबद्दल, जी मूळ लेखात मी दोन वाक्यांत उरकली होती. जुनी जागा सोडल्यावर नवी निवडायला प्रत्येकाला वेळ नेमून देतात, पॉइंटांच्या क्रमानं. आजोबांची वेळ गुरुवारी दुपारी ३ वाजून ४० मिनिटांची. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही म्हणून दोघं आमच्या स्वयंपाकघरात आली. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर लॅपटॉप, त्यावर मैदानाचा नकाशा: गेलेल्या जागा राखाडी ठिपके, उरलेल्या निळे. त्यांनी आधी स्वतःचा जुना भाग उघडायला सांगितला. सगळा राखाडी. रांग ३१ वर बोट ठेवून ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "चला, जिथं जिना कमी चढावा लागेल तिथं बघ." आजींना गुडघ्याचा त्रास आहे. निळे ठिपके सगळे वरच्या रांगांत होते. आम्ही एकेक ठिपका उघडत होतो आणि बघता बघता त्यातले काही राखाडी होत होते, कारण तेवढ्यात ३ वाजून ५० मिनिटांवालेही आत शिरले होते. चहा तसाच गार झाला.

बाजारभावाचं गणित मला येतं. मी हिशेबनीस म्हणूनच नोकरी केली. पण त्या गुरुवारी माझ्या टेबलावर बसलेल्या माणसाला 'तुम्ही इतकी वर्षं स्वस्तात बसलात' हे तोंडावर सांगायला तुम्हालाही जड गेलं असतं, असं मला वाटतं.

शिष्यवृत्त्यांच्या मुद्द्यावर वाद नाही. खेळाडूंना पैसे मिळावेत हेही मला मनापासून हवं होतं. जूनमध्ये, २०२५ साली, न्यायालयानं कॉलेज खेळाडूंनी त्यांच्या क्रीडा संघटनेवर (एनसीएए) केलेल्या मोठ्या दाव्यातली तडजोड मंजूर केली आणि एका विद्यापीठाला पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देता येऊ लागली, तेव्हा मला आनंदच झाला. पैसा कुठून तरी आणावा लागणारच. टेनेसी विद्यापीठानं २०२५ च्या हंगामासाठी फुटबॉलच्या सीझन तिकिटांवर १० टक्के आकार उघडपणे लावला, खेळाडूंसाठी म्हणून. पुष्कळजण चिडले. मला ती पद्धत पॉइंटांपेक्षा सरळ वाटते. सगळ्यांवर सारखा टक्का, कारण सांगितलेलं, आणि कुणाला उठवलेलं नाही. आमच्या आजोबांनी तो १० टक्के आकार कुरकुरत का होईना, भरला असता.

आणि देणगीदारांना सांभाळायचं म्हणजे पुढच्या जागा त्यांनाच द्यायच्या, असं कुठं आहे? ड्यूक विद्यापीठाचं बास्केटबॉलचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम ९,३१४ जागांचं, इतकं लहान की तिथं जागेची किंमत कितीही लावता आली असती. तिथं कोर्टाला लागून विद्यार्थी उभे राहतात आणि मोठे देणगीदार वरच्या मजल्यावर बसतात. देणग्या थांबलेल्या नाहीत. दहाएक मैलांवर चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं १९८६ साली देणग्यांतून बास्केटबॉलचं मोठं थोरलं डीन स्मिथ सेंटर बांधलं आणि खालच्या जागा देणगीदारांना दिल्या. तिथल्या शांततेला १९९१ साली पाहुण्या संघाच्या सॅम कॅसेलनं 'चीज आणि वाइनवाले प्रेक्षक' असं नाव ठेवलं, ते आजवर पुसलं गेलेलं नाही. पुढे तिथं बास्केटच्या मागे विद्यार्थ्यांसाठी उभं राहायची सोय करावी लागली.

मिशिगनलाही हे भोगावं लागलं. १९७५ पासून प्रत्येक मॅचला लाखाच्या वर गर्दी, कोविडचं वर्ष तेवढं सोडून. पण २०१४ साली विद्यार्थ्यांनी महागड्या तिकिटांकडे पाठ फिरवली, संघ हरत होता, आणि एका मॅचची तिकिटं कोकच्या दोन बाटल्यांबरोबर वाटायची पाळी आली. क्रीडा संचालकांना जावं लागलं आणि पुढच्या हंगामात विद्यार्थ्यांचं तिकीट स्वस्त करावं लागलं.

वानखेडेचं म्हणाल तर तुमचा दाखला अगदी बरोबर आहे, पण तो माझ्या कामाचा आहे. वानखेडे मुळात उभं राहिलंच तिकिटांच्या भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं; मॅचच्या किती जागा मुंबईच्या क्रिकेट संघटनेला मिळायच्या यावरून दोघांचं फाटलं आणि हाकेच्या अंतरावर दुसरं मैदान बांधलं गेलं. १९७५ च्या जानेवारीत तिथं पहिली कसोटी झाली. त्याच मैदानावर २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ३३ हजारांच्या आसपास जागा, त्यातली साध्या माणसाला विकायला ४ हजार. तिथं चालतं म्हणून इथं चालावं, हा युक्तिवाद मला कळत नाही. तिथंही चालू नये.

'तुम्ही तिथं शिकलाही नाहीत, मग एवढं कशाला मनाला लावून घेता' असंही एक वाक्य तुमच्या प्रतिक्रियेत आहे. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. आमच्याकडे फुटबॉल हा तालमीचा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर भिडले की पेठेत दुपारची जेवणं लवकर उरकायची. तुम्ही कुठं शिकलात असं तिथं कुणी विचारत नाही, कुठल्या गल्लीतले ते विचारतात. इथं आले तेव्हा पहिल्या पानगळीत या आजोबांनीच आम्हाला मॅचला नेलं, खेळाचे नियम समजावले, आणि थर्मासमधलं सूप दिलं. ८० हजार लोकांत मला पहिल्यांदा इथं ओळखीचं काही सापडलं.

आपल्याकडे देणगीदार आणि मानकरी हे दोन वेगळे शब्द आहेत. माउलींच्या पालखीत अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व चालतो. तो मान पिढ्यान् पिढ्यांच्या सेवेचा आहे. एखाद्यानं उद्या मोठी रक्कम दिली म्हणून अश्व त्याच्या दारातून निघत नाही. देणगीदाराचं नाव पाटीवर लागतं, पावती मिळते, अन्नदानात त्याचा वाटा मोठा असतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मला कॉलेजांच्या मैदानात एवढंच हवं आहे. देणगीदारांना काचेच्या खोल्या द्या, इमारतींवर नावं द्या, मधल्या रांगांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागा आधी द्या. पण २५ वर्षं सलग आलेल्या माणसाला त्याच भागात राहू द्या. तिकिटाची किंमत वाढवायची तर वाढवा.

आता माझे पॉइंट. विसरले नव्हते, लिहायची हिंमत झाली नव्हती. माझ्या नवऱ्याची कंपनी आम्ही दिलेल्या देणगीएवढीच रक्कम आपल्या पदरची घालायची. त्या दुप्पट आकड्यावर काही वर्षांपूर्वी आम्ही एकदम वर सरकलो, १४ वर्षांत, तीस-तीस वर्षं बसलेल्यांच्या पुढे. तेव्हा आम्ही पेढे वाटले. कुणाला मागे टाकलं याचा विचार त्या गुरुवारपर्यंत केला नव्हता. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

फेब्रुवारीत आमचा जागा निवडायचा अर्ज आला. खालच्या भागातल्या आमच्या दोन्ही जागा आम्ही सोडल्या आणि वर, रांग ६८ मध्ये, त्या दोघांच्या शेजारच्या दोन घेतल्या. आजोबांनी तो कोपरा निवडला कारण तिथं जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. सप्टेंबरात पहिली मॅच आहे. आजी विचारत होत्या, वर वारा फार असतो का. मी त्यांना सोलापुरी चादर देणार आहे.