शाळेत सगळ्यांना ठाऊक, फक्त मला सोडून

पाचवीचा तास रद्द झालाय, एवढं एक वाक्य माझ्यापर्यंत पोचवायला किती माणसं लागावीत? आमच्याकडे चार लागतात. आणि चौघं मिळूनही पोचवत नाहीत, ही खरी गंमत.

जपानमधल्या सायतामातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी एएलटी आहे, इंग्रजीची सहायक शिक्षिका. आज फ्लॅशकार्डांचा गठ्ठा, फासे आणि घरून कापून आणलेली कागदी फळं घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचले तर वर्गात चिटपाखरू नाही. प्रत्येक खुर्चीवर घडी घातलेले कपडे. खिडकीतून खाली बघितलं, तर लाल-पांढऱ्या टोप्या घातलेली अख्खी पाचवी मैदानावर रिलेचा सराव करत होती. उन्दोकाई जवळ आलीय ना, शाळेचा क्रीडादिन. वर्गशिक्षकांनी मला खिडकीत पाहिलं, शिट्टी तोंडातच ठेवून कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुन्हा शिट्टी वाजवली. झालं. विषय संपला.

मला जपानी येत नाही अशातला भाग नाही. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी झालीय, शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावरचं महिन्याचं वेळापत्रक मला व्यवस्थित वाचता येतं. पण ऐनवेळचे बदल सकाळच्या मीटिंगमध्ये तोंडी सांगतात, आणि माझी कामाची वेळ ती मीटिंग संपल्यावर सुरू होते. का? कारण माझ्या करारात आठवड्याचे 29.5 तास आहेत. तीस झाले की कंपनीला माझ्या आरोग्यविम्यात आणि पेन्शनमध्ये अर्धा वाटा भरावा लागायचा, म्हणून या धंद्यात वर्षानुवर्षं हा अर्ध्या तासाचा काटछाटीचा खेळ चालत आलाय. पुढे नियम बदलले, 2016 मध्ये मोठ्या कंपन्यांना आणि 2022 मध्ये शंभराहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना वीस तासवाल्यांनाही या विम्यात सामावून घ्यावं लागलं, पण करारातला आकडा तोच राहिला. लवकर येऊन मीटिंगला बसू का, असं विचारलं तर कंपनीचं उत्तर ठरलेलं: कराराबाहेरच्या वेळेत शाळेत थांबू नये.

बरं, मग वर्गशिक्षकांनी जिन्यात भेटल्यावर सांगावं की, "सेन्सेई, आज तास नाही." नाही सांगता येत! मी शाळेची नोकर नाही ना. नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाने इंग्रजी शिकवण्याचं काम टेंडर काढून एका कंपनीला दिलंय आणि त्या कंपनीने मला इथे पाठवलंय. या प्रकारच्या कंत्राटाला ग्योमु इताकु म्हणतात. त्यात शाळेतल्या कुणीही मला थेट सूचना द्यायची नाही. दिली तर ते गिसो उकेओइ, म्हणजे बनावट कंत्राट, बेकायदा. सूचना द्यायची तर कंपनीने. म्हणजे वर्गशिक्षकांनी उपमुख्याध्यापकांना सांगायचं, त्यांनी शिक्षण मंडळाला, मंडळाने कंपनीच्या कोऑर्डिनेटरला, आणि तोक्योत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या कोऑर्डिनेटरने मला ईमेल करायचा. तोही अशा फोनवर, जो वर्गात न्यायला मला बंदी आहे. एवढा द्राविडी प्राणायाम होईपर्यंत रिले संपून पोरं जेवायला बसलेली असतात.

कायद्याला मी नावं ठेवत नाही. कंत्राटी माणसाला कुणीही उठून राबवून घेऊ नये म्हणूनच तो केलाय. संताप त्या हिशेबी डोक्यांचा येतो, ज्यांनी शिकवण्यासारख्या कामाला हेच कंत्राट निवडलं. माणूस थेट नेमायचा तर त्याची जबाबदारी आली. त्यापेक्षा टेंडर काढा, कमी बोली लावेल त्याला द्या, एप्रिलला नवं वर्ष आणि नवी कंपनी. आपण पुढच्या वर्षी या शाळेत असू की नाही, हे आम्हाला मार्चपर्यंत कळत नाही.

आणि याच देशाने 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय केलाय. वर्षाला 70 तास, पाठ्यपुस्तक, प्रगतिपुस्तकात मूल्यमापन, सगळं. वर तोंडाने जप चालू: टीम टीचिंग, टीम टीचिंग! वर्गात वर्गशिक्षक आणि मी पंचेचाळीस मिनिटं शेजारी उभे. त्यांना इंग्रजी बोलायची धास्ती, मला काय शिकवायचं ते विचारायची बंदी. मागच्या बाकावरचा पोरगा हात वर करून बसलाय, ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. कसली टीम आणि कसलं काय.

माणसं वाईट नाहीत हो, म्हणून तर जास्त त्रास होतो. गेल्या वर्षीच्या सहावीच्या बाई पुढच्या तासाचा पाठ पिवळ्या चिठ्ठीवर लिहून माझ्या चपलांच्या कप्प्यात ठेवायच्या, उवाबाकीच्या, म्हणजे शाळेत घालायच्या बुटांच्या, आत सरकवून. दोन शिक्षिका, सरकारी शाळा, आणि "पान 34, फळांची नावं" ही माहिती चोरट्या मालासारखी बुटातून पोचवायची. त्यांची बदली झाली आणि तीही सोय गेली.

शेजारच्या गावात जेटवाली मुलगी आहे. जेट म्हणजे परदेशी शिक्षक आणायची 1987 पासून चाललेली सरकारी योजना, त्यातल्यांना शिक्षण मंडळ स्वतः नेमतं. तिला शिक्षक सरळ सांगतात, ती सरळ विचारते. काम तेच, फासे तेच. तिला ऑगस्टचा, म्हणजे उन्हाळी सुट्टीतला, पगारही पूर्ण मिळतो. माझ्या ऑगस्टबद्दल मी इथे लिहिणार नाही, रक्तदाब वाढतो.

त्यात घरच्यांची भर. योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागात नगरसेवक म्हणून निवडून आले आणि पुढे 2023 मध्ये इबाराकीतल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले, तेव्हापासून आमच्या मावशीला चेव चढलाय. "अगं, आपला मराठी माणूस तिकडे हेडमास्तर झाला, तू अजून असिस्टंटच?" मावशी, हेडमास्तर राहू दे गं, मला आज तास आहे की नाही एवढं कळलं तरी पेढे वाटीन.

आणि आता कळस ऐका. सत्राच्या शेवटी शाळा आमचं मूल्यमापन करून कंपनीला पाठवते. उच्चार: पाचपैकी पाच. वक्तशीरपणा: पाच. मुलांशी वागणूक: पाच. "शाळेतील शिक्षकांशी संवाद": तीन. खाली कोऑर्डिनेटरचा शेरा, शिक्षकांशी अधिक बोलत चला. कुणाशी बोलू? कधी बोलू? आणि कराराच्या कुठल्या कलमाखाली, तेही त्याच मेलमध्ये लिहून पाठवा की!