माडीवर वायफाय पोहोचत नाही, या तक्रारीला आमचे उत्तर

आदरणीय ग्राहक, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला दोन तारे देऊन लिहिले आहे की, 100 एमबीपीएसचा प्लॅन असताना लॅपटॉपवर 12 च्या वर आकडा जात नाही, माडीवर आणि परसातल्या खोलीत वायफाय सारखे तुटते, आणि आम्ही एक जोरदार राऊटर देऊन काम संपवण्याऐवजी केबल व दुसऱ्या यंत्राचा खर्च सांगून आपली लूट करू पाहिली. मोबाइल क्रमांकाचा पासवर्ड ठेवू दिला नाही, हीही आपली तक्रार आहे. पुढे आपण बाहेरून रिपीटर, म्हणजे राऊटरची लहर उचलून पुढे देणारे यंत्र, आणून माडीवर लावलात. तो पूर्ण रेंज दाखवतो, तरी मुलाच्या बेंगळुरूच्या ऑफिसच्या मीटिंग अडकतात. आपला त्रास खरा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आकड्याचा प्रश्न लवकर मिटेल. प्लॅनमधले 100 हे मेगाबिट आहेत आणि फाईल उतरवताना लॅपटॉप दाखवतो ते मेगाबाइट असतात. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे 100 एमबीपीएसच्या जोडणीवर 12 च्या आसपासचा आकडा दिसणे म्हणजे वेग पूर्ण मिळत असल्याचीच खूण आहे. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, राऊटरजवळ आपल्याला घेतलेला सगळा वेग मिळतो आहे.

माडीवर तो मिळत नाही याचे कारण भिंतींत आहे. बेळगावकडच्या आपल्या खानापूर तालुक्यातली जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची असतात आणि आपल्या सोप्याची व माजघराची भिंत चांगली हातभर जाड आहे. वायफाय मुख्यतः 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालते. त्यांपैकी 5 चा पट्टा वेगवान असला तरी भिंतीत लवकर क्षीण होतो, तर 2.4 चा पट्टा भिंतीतून अधिक पार जातो, पण त्याचा वेग मुळात कमी असतो. शिवाय जांभा सच्छिद्र दगड आहे. आपल्याकडे पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि पाणी या लहरी शोषून घेते, त्यामुळे उन्हाळ्यात माडीवर कसेबसे चालणारे वायफाय आषाढात बंद पडल्यासारखे वाटू शकते. राऊटर टीव्हीच्या कपाटातून काढून जिन्याजवळ उंचावर ठेवण्याचा आमच्या दुकानातल्या मुलांनी आग्रह धरला तो याचसाठी. जिन्याची मोकळी जागा हीच तेथे लहरींना वर जाण्याची त्यातल्या त्यात सोपी वाट आहे.

जोरदार राऊटर आम्हाला सहज विकता आला असता आणि त्यात आमचा नफाही अधिक होता. परंतु हे पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले असले (2.4 चा पट्टा भारतात 2005 पासून तसा आहे), तरी त्यांवरील प्रक्षेपणाच्या शक्तीला सरकारने मर्यादा घातलेली आहे आणि ती स्वस्त व महाग अशा दोन्ही राऊटरना सारखीच लागू होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा संवाद दुतर्फा असतो. राऊटरची लहर माडीवर पोहोचली तरी मुलाच्या लॅपटॉपचे उत्तर त्याच भिंतीतून खाली यावे लागते, आणि लॅपटॉपच्या प्रक्षेपकाची शक्ती महाग राऊटर घेतल्याने वाढत नाही. ज्या वस्तूने आपले काम होणार नाही ती आपल्याला विकणे आम्हाला योग्य वाटले नाही.

आता रिपीटरविषयी. फोन जी पूर्ण रेंज दाखवतो ती फोन आणि रिपीटर यांच्यामधली आहे. रिपीटर आणि राऊटर यांच्यामध्ये ती जाड भिंत अजून तशीच उभी आहे. आपण तो मुलाच्या टेबलाजवळच लावल्यामुळे त्याला स्वतःलाच खालून अशक्त लहर मिळते, आणि तीच तो पुढे देतो. त्यातच साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो. उंबरठ्यात उभे राहून आतला निरोप बाहेर सांगणाऱ्या माणसाला ऐकताना बोलता येत नाही, तसेच त्याचे होते; प्रत्येक निरोप हवेतून दोनदा गेल्याने वेग निम्म्यावर येतो. रिपीटर वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. विटांच्या पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये, मध्यावर लावला, तर तो पुष्कळदा पुरतो. आपल्या घरात मात्र त्या भिंतीपलीकडे तारच न्यावी लागेल: जिन्याच्या कडेने कॅट-6 केबल (इंटरनेटची तांब्याची तार) आणि माडीवर तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेतून आलेले इंटरनेट तेथे वायफायने देणारे यंत्र. अशी केबल 100 मीटरपर्यंत वेग न गमावता चालते, आणि ओलीचा तिच्यातल्या संदेशावर परिणाम होत नाही.

परसातल्या खोलीचा खर्च आपल्याला जास्त वाटला, कारण तेथे आम्ही तांब्याच्या केबलऐवजी फायबर आणि तिच्या दोन्ही टोकांना लागणारे, प्रकाशाचा संदेश विजेच्या संदेशात आणि उलट बदलणारे कन्व्हर्टर धरले होते. वळवाच्या दिवसांत जवळपास वीज पडली तर उघड्यावरून नेलेल्या तांब्याच्या तारेतून विजेचा दाब घरात शिरतो आणि दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज वाहत नाही. या बाबतीत काटकसर करा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. ती खोली रोजच्या वापरात नसेल, तर ते काम पूर्ण बाजूला ठेवावे, हे मात्र आम्ही आनंदाने सांगू.

पासवर्डविषयी थोडक्यात. दहा आकड्यांचा मोबाइल क्रमांक गावात अनेकांना ठाऊक असतो, आणि ज्याला ठाऊक नाही तोही संगणकाला सर्व क्रमांक ओळीने तपासायला लावू शकतो. पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय आम्ही याच विचाराने बंद केली. तिच्या आठ आकडी पिनची तपासणी दोन तुकड्यांत होत असल्याने सुमारे 11,000 प्रयत्नांत ती सापडू शकते, हे 2011 मध्येच उघड झाले आहे. आपल्याला लक्षात राहतील असे चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहावेत. तसा पासवर्ड सांगायला सोपा आणि ओळखायला कठीण असतो.

आपला विश्वास शब्दांनी बसावा अशी आमची अपेक्षा नाही. आमचा माणूस दुकानातला ॲक्सेस पॉइंट घेऊन येईल, जिन्यावरून तात्पुरती केबल सोडून तो माडीवर लावील आणि मुलाच्या कामाचा पूर्ण आठवडा तसाच ठेवील. फरक पडला नाही तर आपण काहीही देऊ नये. आपण घेतलेला रिपीटरही टाकून देऊ नका. त्याला लॅनचे, म्हणजे केबल लावण्याचे, छिद्र असेल आणि त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंटचा पर्याय असेल, तर केबल जोडून तोच वापरता येईल आणि नव्या यंत्राचा खर्च वाचेल. त्याच्या मागच्या लेबलाचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवावा, म्हणजे माणूस निघण्यापूर्वीच आम्ही ते पाहून ठेवू.