व्हायची तारीख

परवा कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर मला आत सोडलं, माझ्या यंत्राला सोडलं नाही. माझी ओळख म्हणून आधारकार्डाची एक झेरॉक्स होती, तीही इतकी काळी की फोटोतला माणूस मी आहे हे माझ्या आईलाही शपथेवर सांगता आलं नसतं. ती चालली. यंत्राचं तीन पानी कॅलिब्रेशनचं, म्हणजे आकडे किती बरोबर दाखवतं ते तपासल्याचं, प्रमाणपत्र चाललं नाही.

यंत्र म्हणजे फ्ल्यू गॅस अ‍ॅनालायझर. बॉयलरच्या चिमणीत नळी घालायची, धुरात ऑक्सिजन किती, कार्बन मोनॉक्साइड किती, तापमान किती ते बघायचं आणि बर्नरची हवा जुळवायची. एवढाच माझा धंदा. ऑक्सिजन 3 टक्के दिसला तर जळणाला लागते त्याहून साधारण 17 टक्के जादा हवा आत जातेय, चालायचं. 6 टक्के दिसला की जादा हवा 40 टक्क्यांवर जाते, म्हणजे मालक स्वखर्चाने कुरकुंभचं आभाळ तापवतोय. असो.

गेटवरच्या मामांनी यंत्र उलटंपालटं करून स्टिकर शोधला.

"सर, ह्याच्यावर ड्यू डेट न्हाई."

"कॅलिब्रेशनची तारीख आहे की, मामा. मागच्याच महिन्यातली."

"ती झाल्याली तारीख. व्हायची कुठाय?"

मी प्रमाणपत्र पुढे केलं. वर एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं चिन्ह, खाली दोन सह्या. वाटलं, चिन्ह बघूनच हात जोडतील. मामांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मागे टँकर येऊन थांबला. त्याने हॉर्न दिला. मामांनी पान उलटलं.

"हे अधिक-उणे काय हाय?"

"म्हणजे लॅबला स्वतःच्या आकड्याबद्दल तेवढी शंका आहे."

"शंका हाय आन् तरी पैशे घेतले?"

"घेतले."

"जीएसटी?"

"अठरा टक्के."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याविषयी पहिल्यांदाच थोडी माया होती. मग त्यांचं बोट पुढे सरकलं.

"आन् हे पंच्याण्णव टक्के?"

"खरा आकडा त्या अधिक-उणेच्या आत असेल, याची खात्री."

"मंग ऱ्हायलेले पाच?"

"ते माझं नशीब."

टँकरवाला आता खाली उतरून आमच्यात सामील झाला होता. त्याचं म्हणणं, त्याच्या पीयूसीवर तारीख असते. मामांनी केबिनमधलं आग विझवायचं सिलिंडर दाखवलं: पुढच्या रिफिलची तारीख. मग हात लांब करून वजनकाटा दाखवला. "वैधमापनवाले येत्यात, शिक्का मारत्यात, पुढली तारीख लिवून देत्यात. सरकारी मान्सं असून देत्यात!"

आता मी खरंच चिडलो आणि मामांना नियम समजावला. प्रयोगशाळांसाठी आयएसओ 17025 नावाचं मानक आहे. त्यात म्हटलंय की, ग्राहकाशी तसं ठरलं असेल तरच पुढच्या कॅलिब्रेशनची शिफारस प्रमाणपत्रावर किंवा स्टिकरवर लिहायची, एरवी नाही. कारण यंत्र किती वापरणार, कसं वापरणार हे लॅबला माहीत नसतं.

मामांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी ज्याला कळतंय त्यानं तारीख सांगायची न्हाई, आन् ज्याला कळत न्हाई त्या मला गेटवर ती इचारायला बसवलंय. कुणी केला असला नियम?"

"आयएसओचं ऑफिस जिनिव्हात आहे."

"मंग जिनिव्हातलेच बॉयलर तपासा की."

सेफ्टी ऑफिसरला फोन लावला. मीटिंगमध्ये. परत लावला. तरीही मीटिंगमध्ये. शेवटी मामांनी रजिस्टरला सुतळीने बांधलेलं बॉलपेन माझ्यापुढे धरलं. "लिवा तुमीच. वर्साची टाका." सुतळी आखूड, म्हणून यंत्रच टेबलावर घेतलं आणि रजिस्टरला टेकवून मी तारीख लिहिली. मामांनी तिच्यावर सेलोटेप चिकटवला, पाऊस लागू नये म्हणून. खरं सांगायचं तर, मानकाच्या दृष्टीने हे बरोबरच झालं. मुदत यंत्र वापरणाऱ्यानेच ठरवायची असते. पाच आकडी बिल भरून आणलेल्या कागदापेक्षा सुतळीचं पेन जास्त नियमाला धरून निघालं, हे मला अजून पचलेलं नाही.

आणि ते पाच आकडी बिलही दुरुस्तीचं नव्हे. कॅलिब्रेशनमध्ये लॅब यंत्र किती चुकतंय ते फक्त लिहून देते. चूक काढायची असेल तर त्याचे वेगळे पैसे, आणि काढल्यावर परत तपासायचे आणखी वेगळे. त्यात माझ्या यंत्रातला ऑक्सिजनचा सेन्सर. त्याच्या आत शिसं असतं, ते ऑक्सिजनशी संयोग होत होत झिजतं आणि दोन-तीन वर्षांत संपतं. बरं, काम असेल तेव्हाच झिजावं ना? नाही. हवेत 20.9 टक्के ऑक्सिजन चोवीस तास हजर, त्यामुळे यंत्र बंद असलं तरी हा आतल्या आत झिजतोच. 2020 च्या लॉकडाउनमध्ये माझ्या गिऱ्हाइकांचे कारखाने बंद होते, एक रुपया आला नाही, आणि हा गृहस्थ कपाटात बसल्या बसल्या श्वास घेऊन घेऊन वारला. कार्बन मोनॉक्साइडवाल्याचं उलटं: त्याला कपाट मानवतं, काम मानवत नाही. काळ्या धुराच्या एखाद्या बॉयलरवर नळी जरा जास्त वेळ राहिली की कामातून गेला.

हा खर्च दरपत्रकात दाखवला की खरेदी विभागातला मुलगा म्हणतो, "सर, तुमच्या यंत्राचा मेंटेनन्स आम्ही का द्यायचा?" न दाखवता दर वाढवला तर म्हणतो, "सर, 2019 ला तर कमी घेत होता." प्रमाणपत्राची रंगीत प्रत मात्र बिलाला जोडायची. ती नसेल तर बिल परत.

त्या दिवशी तिथल्या बॉयलरचा ऑक्सिजन साडेसहावरून साडेतीनवर आणला. चिमणीतल्या धुराचं तापमान 22 अंशांनी उतरलं की साधारण एक टक्का इंधन वाचतं, असा आमच्यात हिशेब धरतात. त्यांचा वर्षाचा गॅस बघता तो एक टक्का म्हणजे माझे कित्येक सेन्सर. मालक खूश झाले, चहा पाजला. एमएसएमई कायद्याने माझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असतं. त्यांच्या खरेदी ऑर्डरवर 90 छापलेलं आहे. मी ते बोटाने दाखवलं, तर खरेदी विभागातला मुलगा म्हणाला, "सर, ते सिस्टीममधूनच तसं येतं."