गाडी गॅरेजमध्ये आहे, तिचा रस्ता कुठे आहे?

मंडळी, पोस्ट लांबणार आहे. जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्यांनी सवडीने वाचावी. ज्यांच्या घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी आहे त्यांनी तर नक्कीच वाचावी.

जुन्या गाड्यांचे शौकीन जमले की गप्पांची सुरुवात ठरलेली असते. मॉडेल कुठल्या सालचं, इंजिन मूळचंच आहे का, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) कुणाकडून भरून घेतला, रंग कारखान्यातलाच की नंतरचा. मलाही हे सगळं आवडतं, तासन्‌तास ऐकत बसतो. पण मध्येच एखादे काका सहज बोलून जातात, "त्या चढावर आम्ही सगळे खाली उतरायचो, फक्त आई आत बसायची", आणि माझं लक्ष गाडीवरून उडतं. कुठला चढ? का उतरायचे? किती जण? वर पोचल्यावर गाडी थंड व्हायला किती वेळ थांबायचे? हे प्रश्न विचारायच्या आत विषय पुन्हा कार्ब्युरेटरवर गेलेला असतो. मला याचंच वाईट वाटतं, आणि म्हणून हे लिहितोय.

गाडी आपण वाचवली, रस्ता वाचवला नाही. पत्रा सडला तर नवा ठोकून घेता येतो, पिस्टन ओतून घेता येतो, हूड शिवून घेता येतं. रस्त्याचं काय करणार? तो रुंद होतो, वळण कापलं जातं, चढ खोदून खाली आणतात, पूल वीस पावलं बाजूला सरकतो. दहा-पंधरा वर्षांनी मूळ वाट कुठून जात होती हे शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. त्या वाटेची शेवटची प्रत ज्यांच्या डोक्यात आहे ती माणसं एकेक करून जात आहेत.

या बाबतीत बर्था बेंझचं, म्हणजे मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझच्या बायकोचं, उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1888 च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, तीन चाकांच्या बेंझ गाडीतून जर्मनीतल्या मॅनहाइमहून फोर्टझहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तेव्हा पेट्रोल पंप कुठला असणार! वीसलॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचं द्रावण विकत घेतलं आणि तेच इंधन म्हणून वापरलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली, आणि परतल्यावर गाडीला आणखी एक गिअर हवा हे तिनेच सुचवलं. आता बघा, यातली प्रत्येक गोष्ट रस्त्याने शिकवलेली आहे. चढ नसता तर गिअर सुचला नसता, उतार नसता तर चामडं सुचलं नसतं. गाडीचा इतिहास आणि रस्त्याचा इतिहास वेगळे काढताच येत नाहीत. जर्मनीत 2008 साली तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेला अधिकृत स्मृतिमार्ग म्हणून मान्यता मिळाली, वाटेवर पाट्या लागल्या. मधे 120 वर्षं गेली होती. तिची हकिगत गावांच्या नावांसकट टिकली होती, म्हणूनच ती वाट पुन्हा आखता आली.

धुळीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण जुनी माणसं गाडीच्या आधी धुळीचीच आठवण काढतात. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर चष्मा, अंगावर लांब कोट, आणि तरी उतरल्यावर भुवया पांढऱ्या. याचं कारण समजून घेतलं तर आठवण जास्त कळते. जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोडलेल्या बारीक खडीचे थर दाबून रस्ता करायची पद्धत बसवली. ती पद्धत बैलगाड्या-घोडागाड्यांसाठी उत्तम होती. लोखंडी धावा खडी भरडायच्या, भरड फटींत बसायची, पाऊस तिला घट्ट करायचा. रहदारीच रस्ता पक्का करत होती. मोटार आली आणि उलटं झालं. मोटारीला ओढणारं जनावर पुढे नाही, चाकच जमिनीला मागे रेटतं. ते खडी सैल करतं, आणि वेगात फिरणारा रबरी टायर फटींतली भुकटी उचलून हवेत उडवतो. शंभर वर्षं टिकलेली पद्धत मोटारींनी काही वर्षांत निकामी केली. 1902 मध्ये मोनॅकोत गुलिएलमिनेत्ती नावाच्या डॉक्टरने धूळ बसवायला रस्त्यावर कोलटार पसरून पाहिला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडगर हूली यांनी कोलटार आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी यांच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. म्हणजे आज आपल्याला रस्ता म्हटलं की जो काळा पट्टा डोळ्यांपुढे येतो, तो मोटारीने स्वतःसाठी करून घेतलेला आहे. एखादी आजी सांगते, "आधी धूळ होती, मग एका वर्षी काळा रस्ता झाला", तेव्हा ती फार मोठी गोष्ट सांगत असते. ते वर्ष कुठलं, हे तिथेच विचारून घ्या. तिला सन आठवणार नाही, पण कुणाचं लग्न झालं होतं, कुठलं मूल रांगत होतं हे आठवेल, आणि त्यावरून सन काढता येतो.

आता वाट शोधण्याबद्दल. 1909 साली अ‍ॅलिस रॅमझी ही 22 वर्षांची बाई मॅक्सवेल गाडी घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. 59 दिवस लागले, अकरा वेळा टायर बदलावे लागले, आणि सोबतच्या तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. रस्त्याचे नकाशे जवळजवळ नव्हतेच. 'ब्लू बुक' नावाची मार्गदर्शिका असायची. तिच्यात अमुक मैलावर पिवळं घर दिसेल, तिथे वळा, अशा सूचना. एका ठिकाणी ते पिवळं घर काही केल्या सापडेना. चौकशी केली तेव्हा कळलं की मोटारवाल्यांचा राग असलेल्या मालकाने ते हिरवं रंगवलं होतं. मला ही हकिगत सगळ्या इंजिनांच्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून जाते. रस्ता तेव्हा क्रमांकाने ओळखला जात नव्हता. तो झाडाने, घराने, विहिरीने, लोहाराच्या भट्टीने ओळखला जायचा. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आजही रस्ता असाच आहे. आपण त्यांना गुगलचा नकाशा दाखवून "कुठून जायचात?" विचारतो आणि ते गोंधळतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. नकाशा बाजूला ठेवा आणि विचारा, "घरातून निघालात, पहिलं काय लागायचं?" मग बघा कसा रस्ता उलगडतो.

हातापायांच्या आठवणींचंही तसंच आहे. गाडी सुरू करायला पुढून हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विरुद्ध बाजूने मूठ वळायची नाही. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, नाहीतर मनगट मोडतं. ठिणगी आधी मागे घ्यायची, म्हणजे ती उशिरा पडेल असं करायचं, मग हँडल. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हा धोका हळूहळू संपला, पण हँडल मारणारे हात नंतरही कित्येक वर्षं होते. सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नसलेल्या गाडीत डबल क्लच मारताना, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबताना, इंजिनाच्या आवाजावरून गिअर टाकायची वेळ कळायची. फोर्ड मॉडेल टी मध्ये तर अ‍ॅक्सिलरेटरचं पेडलच नव्हतं. स्टिअरिंगखाली हाताची दांडी, आणि पायाशी तीन पेडल, त्यातलं मधलं रिव्हर्सचं. शिवाय पेट्रोल टाकीतून इंजिनात आपोआप उताराने यायचं. टाकीत थोडंच पेट्रोल असेल आणि चढ उभा असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लोक गाडी वळवून उलटी चढवत. 1908 ते 1927 या काळात दीड कोटी मॉडेल टी बनल्या. त्यांपैकी पुष्कळ आजही चालू आहेत. पण कुठल्या चढावर गाडी उलटी न्यावी लागायची हे एकाही गाडीच्या कागदपत्रांत लिहिलेलं नाही. ते चालवणाऱ्यालाच माहीत होतं.

म्हणून मला गाडी नुसती चमकवून दोरीमागे उभी करणं पटत नाही. प्रदर्शनं हवीत, मुलांना गाडी जवळून बघायला मिळते, हे मान्य. तरी गाडी तिच्या रस्त्यावर न्या. जुन्या वाटेचा दोन किलोमीटरचा तुकडा कुठे मागे पडून राहिला असेल तर तिथे न्या. सोबत ती वाट आठवणारं माणूस बसवा. गाडीचा हादरा, पेट्रोलचा वास आणि समोरचं वळण एकत्र आलं की खुर्चीत बसून न आठवलेल्या गोष्टी भराभरा बाहेर येतात.

असं काम होऊ शकतं याचा पुरावा आहे. अमेरिकेत 1913 साली लिंकन हायवे आखला गेला, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. पुढे रस्त्यांना क्रमांक आले आणि नाव मागे पडलं. 1928 मध्ये बालवीरांनी एकाच दिवशी वाटेवर काँक्रीटचे खांब रोवले होते. 1992 साली हौशी मंडळींनी या हायवेची संस्था पुन्हा उभी केली. तेव्हापासून तिथले लोक जुने खांब, सोडून दिलेले पूल, शेतातून जाणारे तुकडे हुडकून नोंदवत आहेत. यासाठी मोठा पैसा लागत नाही. वही लागते, चालायची तयारी लागते, आणि ऐकायची तर फारच लागते.

एक सावधगिरी मात्र हवी. आठवण ही आठवण आहे, ती ताडून पाहायला हवी. लंडन ते ब्रायटन ही जुन्या गाड्यांची फेरी सगळ्यांना ठाऊक असते. 1905 च्या आधी बनलेल्या गाड्या तिथे धावतात. बहुतेक जण सांगतात की 1896 साली गाडीपुढे लाल निशाण धरून चालायची सक्ती उठली, त्याचा हा उत्सव. निशाणाची सक्ती 1865 च्या कायद्यातली खरी, पण ती 1878 मध्येच गेली होती. गाडीपुढे माणूस चालवायची अट तेवढी राहिली आणि ती 1896 ला गेली. इतक्या गाजलेल्या गोष्टीत जर अशी सरमिसळ होते, तर घरगुती आठवणींत होणारच. त्याने आठवण खोटी ठरत नाही. जे सांगितलं ते सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा, आणि कागदपत्रांत जे सापडलं ते शेजारी वेगळं लिहा. दोन्ही ठेवा. दुरुस्त्या करून करून गोष्ट गुळगुळीत करू नका.

आणि फक्त मालकाला विचारू नका, हे मला फार कळकळीने सांगायचंय. मालक गाडी विकत घेतल्याची गोष्ट सांगतो. रस्त्याची गोष्ट ड्रायव्हरकडे असते, क्लीनरकडे असते, पंक्चर काढणाऱ्याकडे असते. मागच्या सीटवर मुलं मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे असते. कुठे पाणी मिळायचं, कुठल्या वळणावर मुलांना उलटी व्हायची, रात्री कार्बाइडच्या दिव्याच्या उजेडात किती पुढचं दिसायचं, हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नाही.

फोटोंचंही बघा. आपण जुना फोटो स्कॅन करतो आणि गाडी मधोमध यावी म्हणून कडा कापून टाकतो. कृपा करून कापू नका. कडेला मैलाचा दगड असतो, दुकानाची पाटी असते, रस्त्याची खडी दिसते, चाकोऱ्या दिसतात. गाडी कुठली हे जाणकार दहा सेकंदांत सांगतात. जागा कुठली हे त्या कडांवरूनच कळतं.

तुमच्याकडे असा फोटो असेल तर आजच घरातल्या मोठ्या माणसापुढे ठेवा. ते बोलत असताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, मध्ये तोडू नका. मग फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने जागा, अंदाजे साल, फोटोतल्यांची नावं आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. पेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. आवाजाच्या फाइलला तेच नाव द्या आणि ती घरातल्या आणखी एकाकडे पाठवून ठेवा.